जप्त झालेले फिशचे डबे: न फुगलेले विकता येतील का?

भाऊ, तुमचं म्हणणं असं न की इतवारीतल्या काकांच्या गोडाऊनमधले फिशचे डबे एफडीएवाल्यांनी जप्त केले, एक्सपायरीला अजून वर्ष आहे, फुगले फक्त वीसेक, मग पूरा लॉट काहून धरला आणि बाकीचे विकता येतील का. विकायचं डोक्यातून काढा आधी. खोकी सील करून, बाँड लिहून घेऊन तुमच्याच गोडाऊनमध्ये ठेवली म्हणजे माल सुटला असं नाही, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३८ मध्ये तशीच सोय आहे, माल जप्तच, राखणदार तेवढे तुम्ही. त्याला हात लावला की कलम ६०, ६ महिन्यांपर्यंत कैद. माझ्याकडे बांगड्याचे डबे असेच धरले होते तेव्हा मीही चार खोकी बाजूला काढायला निघालो होतो, मुनीमजींनी हात धरला म्हणून वाचलो.

आता एक्सपायरी. ती तारीख डबा थंड, कोरड्या जागी राहील हे धरून छापतात. फॅक्टरीत डबा साधारण १२१ डिग्रीला शिजवतात, त्यात माणसाला मारणारे जंतू मरतात, पण काही चिवट बीजं उरतात आणि ती ४० च्या खाली झोपून राहतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५, टिनाच्या शेडखाली काय होत असेल? माझे वरच्या थरातले डबे अंगठ्यानं दाबले की टक करून दुसरीकडून वर यायचे. पण काही जंतू गॅस करतच नाहीत, आतला माल आंबतो अन् डबा सपाटच दिसतो, म्हणून लॉट पूरा धरतात. आणि फुगलेला डबा उघडून चाखून पाहू नका बाप्पा, डबा गळका किंवा कच्चा शिजलेला असेल तर बोट्युलिनम, म्हणजे जीवघेणं विष करणारा जंतूही असू शकतो, तो वासावरून कळत नाही.

जप्तीच्या वेळी तपासणीसाठी घेतात त्या सॅम्पलचे ४ भाग करतात, त्यातला एक दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबला पाठवा असं काकांनी तिथंच सांगितलं होतं का, विचारा. सॅम्पल तपासणाऱ्या अॅनालिस्टनं १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, तो विरोधात गेला तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

खरेदीचं बिल, बिल्टी, पंचनाम्याची कॉपी एका फाईलमध्ये लावा. कंपनीनं सांगितलं तसा माल ठेवला नसेल तर होलसेलरवर येतं, डब्यातच खोट असेल तर कंपनीवर, म्हणून काकांना नीट विचारा, फुगलेले डबे पत्र्याजवळच्या खोक्यांत होते की सगळ्या थरांत.