ओसाकात मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असताना किल्ला बघावा की इतिहास संग्रहालय?

माझं मत संग्रहालयाला. किल्ल्याचा आजचा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला. बाहेरून पाहिला, फोटो काढले की पुरे.

ओसाका इतिहास संग्रहालय तिथून जवळच, तानिमाची योन्चोमे स्टेशनपाशी. लिफ्टने थेट दहाव्या मजल्यावर जायचं आणि एकेक मजला खाली यायचं. सरकते जिने आहेत, त्यामुळे गुडघे कुरकुरत नाहीत. दहाव्यावर नानिवा राजवाड्याचा, म्हणजे ओसाकातल्या सम्राटांच्या प्राचीन राजवाड्याचा, दरबार मूळ आकारात उभा केलाय: जाडजूड शेंदरी खांब, रांगेत माणसाएवढे दरबारी. आणि खिडकीतून खाली बघाल तर त्याच राजवाड्याची खरी जागा, आता मोकळं मैदान. मुलांना आधी हे दाखवा, मग खांबांचा अर्थ लागतो.

आठव्यावर उत्खननाची जागा हुबेहूब उभी केलीय. मुलं तिथून हलणार नाहीत, तेव्हा घाई करू नका. सातव्यावर शंभरेक वर्षांपूर्वीचे रस्ते-दुकानं. आजोबा तिथे रमतील.

कायमस्वरूपी दालनं नववीपर्यंतच्या मुलांना फुकट. मंगळवारी सुट्टी असते, हे मात्र ध्यानात ठेवा. वेळ उरलाच तर अंगणातल्या, पाचव्या शतकातल्या कोठाराच्या प्रतिकृतीचं गवती छप्पर बघून घ्या.