नियमपुस्तक वाचणाऱ्या मुलीचं काय करायचं?

प्रश्न : मी पीथमपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मुलगी अकरावीत, गणित घेतलंय, जेईईची तयारी चालू आहे. पण डोक्यात सतत फॉर्म्युला वन. ड्रायव्हर नाही, ‘स्ट्रॅटेजी इंजिनीअर’ व्हायचंय म्हणते. रेस बघताना वहीत आकडे मांडत बसते, त्यातल्या एका पानाचा फोटो सोबत पाठवतोय. माझं म्हणणं असं की ज्याच्याकडे पैसा आणि भारी गाडी, तो जिंकतो. टायर कधी बदलायचा हे सांगायला इंजिनीअर कशाला हवा? तिची आई म्हणते, मुकाट्यानं कॉम्प्युटर सायन्स घे. हा नुसता नाद आहे की यात करिअर आहे?
– एक पालक, लोकमान्य नगर, इंदूर

नमस्कार,

तुमच्या पत्राआधी मी वहीचं पान वाचलं. २०२२ ची बुडापेस्टची रेस आहे. डावीकडे लॅपचे आकडे, उजवीकडे निळ्या पेनानं रेड बुलचा ड्रायव्हर वर्स्टापन, लाल पेनानं फेरारीचा लेक्लेर. एकोणचाळिसाव्या लॅपला लाल गोल केलाय आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, “मीडियम दोनदा झाला. आता राहिलं काय?” टायर बदलायला इंजिनीअर कशाला, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लेकीनं या एका ओळीत दिलंय. ते उलगडून सांगतो.

ट्रॅक कोरडा असेल तर प्रत्येक गाडीनं रेसमध्ये किमान दोन वेगळ्या प्रकारचे टायर वापरलेच पाहिजेत, असा नियम आहे. सॉफ्ट पळतो पण लवकर झिजतो, हार्ड टिकतो पण तापायला वेळ घेतो, मीडियम दोन्हींच्या मधला. त्या दिवशी हंगेरीत हवा थंड होती. फेरारीचा लेक्लेर मीडियमवर सुटला, एकविसाव्या लॅपला पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागेत, आत येऊन पुन्हा मीडियमच लावले आणि पुढे मर्सिडीजच्या रसेलला मागे टाकून पहिला झाला. इथपर्यंत सगळं झकास. अडतिसाव्या लॅपला वर्स्टापन टायर बदलायला आत गेला. ताज्या टायरवर तो एक-दोन लॅपमध्ये वेळ भरून काढतो आणि तुम्ही आत जाऊन येईपर्यंत तुमच्या पुढे निघतो, याला अंडरकट म्हणतात. त्या धास्तीनं फेरारीनं पुढच्याच लॅपला लेक्लेरला आत बोलावलं. आता राहिलं काय? मीडियम दोनदा झालेला, त्यामुळे तिसऱ्यांदा तोच लावून शेवट गाठायला नियमाची आडकाठी. रेस ७० लॅपची, ३१ बाकी. एवढा वेळ सॉफ्ट टिकत नाही. उरला हार्ड, आणि तो त्या थंडीत नीट तापलाच नाही. लेक्लेर सहावा आला.

वर्स्टापन दहाव्या जागेवरून सुटला होता. मध्येच त्याची गाडी गर्रकन फिरली, तरी तो जिंकला. रेड बुलचा मूळ बेत हार्डवर सुटायचा होता. गाड्या ग्रिडकडे, म्हणजे सुरुवातीच्या रांगेकडे, निघाल्या तेव्हाची थंडी बघून त्यांच्या स्ट्रॅटेजी इंजिनीअर हॅना श्मिट्झ यांनी तो बदलला आणि सॉफ्ट लावले. त्यामुळे पहिल्याच पिट स्टॉपला दोन प्रकारांची अट पुरी झाली आणि उरलेली रेस मीडियमवर काढायला तो मोकळा. फेरारीची गाडी त्या वर्षी कमी वेगाची नव्हती, हे कुणीही सांगेल. नियमातून निघणारी अडचण एकानं सुरुवातीलाच निस्तरली आणि दुसऱ्यानं शेवटपर्यंत डोक्यावर ठेवली, फरक एवढाच.

तुम्ही मेंटेनन्सला आहात म्हणून सांगतो, हा प्रश्न तुमच्या रोजच्या कामातलाच आहे. मशीन बंद पडेपर्यंत रेटायचं, की आधीच थांबवून बेअरिंग बदलायचं? थांबवलं तर उत्पादनाचा तोटा, नाही थांबवलं तर मोठा खर्च. तिच्याकडे ‘पिट लॉस’ आहे, म्हणजे आत जाऊन बाहेर येईपर्यंत जाणारा वेळ, बहुतेक ट्रॅकवर वीस सेकंदांच्या आसपास. त्यात चाकं बदलायला दोन-अडीच सेकंद, बाकी सगळा वेळ पिट लेनच्या वेगमर्यादेत जातो. अपघात वगैरे झाल्यावर सगळ्यांचा वेग आवरायला सेफ्टी कार येते, ती आली की बाहेरच्या गाड्याही मंदावतात आणि तोच थांबा स्वस्तात पडतो. ती कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून टीम रेसच्या आधीच कॉम्प्युटरवर ती रेस हजारो वेळा ‘पळवून’ बघतात आणि शक्यता मांडून ठेवतात. स्ट्रॅटेजी इंजिनीअरचं मुख्य काम हेच.

आता पैशाचं. २०२० पर्यंत तुमचं म्हणणं बरंचसं खरं होतं. २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली, पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर. ड्रायव्हरचे पगार आणि जाहिरातीचा खर्च त्यात धरत नाहीत, तेव्हा श्रीमंत टीम गरीब झाल्या असं कुणी समजू नये. पण गाडीवर उधळायचे पैसे बांधले गेले. रेड बुलनं त्याच वर्षी मर्यादा ओलांडली, तर ७० लाख डॉलर दंड झाला आणि विंड टनेलमधल्या, म्हणजे वाऱ्याच्या झोतात गाडीचा आकार तपासण्याच्या, चाचण्या १० टक्के कापल्या. शिवाय या चाचण्यांचा वाटा नंबरानुसार उलटा वाटतात : विजेत्या टीमला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के, पुढे प्रत्येक क्रमांकाला पाच टक्के वाढीव, दहाव्या टीमला ११५ टक्के. मॅक्लारेन २०२३ च्या सुरुवातीला पार मागे होती. २०२४ मध्ये ती १९९८ नंतर पहिल्यांदा टीमचं विजेतेपद घेऊन गेली. सगळं श्रेय या वाटपाला देणं चूक ठरेल, गाडीत त्यांनी केलेल्या सुधारणाच मोठ्या होत्या. तरी वर यायला नियमानं वाट ठेवली होती.

एक जुनं उदाहरण मला जास्त आवडतं. २००४ मध्ये फेरारीनं १८ पैकी १५ रेसेस जिंकल्या. २००५ साठी नियम आला की रेसमध्ये टायर बदलायचे नाहीत, एकाच सेटवर सगळी रेस. फेरारीचे ब्रिजस्टोन टायर कमी अंतर जोरात पळण्यासाठी घडवलेले, प्रतिस्पर्ध्यांचे मिशेलिन लांब टिकणारे. त्या वर्षी फेरारीला जेमतेम एक विजय मिळाला, तोही इंडियानापोलिसला, जिथे मिशेलिनवाल्या सगळ्या गाड्या सुरक्षेच्या कारणानं माघारी गेल्या आणि फक्त सहा गाड्या पळाल्या. फेरारीची तिजोरी काही एका वर्षात रिकामी झाली नव्हती, आणि ड्रायव्हर शूमाकरच होता.

तेव्हा हे काम खरं आहे आणि अवघड आहे. नोकऱ्या मात्र मोजक्याच. २०२६ पासून अकरा टीम, प्रत्येकीत स्ट्रॅटेजीची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि बहुतेक टीमचे कारखाने इंग्लंडात : मिल्टन कीन्स, ब्रॅकली, वोकिंग, सिल्व्हरस्टोन. व्हिसाचं झंझट वेगळं. या एकाच नोकरीवर सगळा डाव लावू देऊ नका. पण याच कामाची विद्या, म्हणजे संभाव्यता, सिम्युलेशन, प्रोग्रामिंग आणि नियम बारकाईनं वाचण्याची सवय, विमान कंपन्यांची वेळापत्रकं, वाहतूक, वीजपुरवठा, वाहन चाचणी अशा ठिकाणीही चालते. वाया काही जात नाही.

मेकॅनिकल की कॉम्प्युटर? श्मिट्झबाईंनी केंब्रिजला मेकॅनिकल केलं, म्हणून तेच पाहिजे असं नाही. मी कॉलेज आधी बघीन आणि ब्रँच नंतर. सिमरोलची, म्हणजे इंदूरची, आयआयटी मिळाली तर प्रश्नच मिटला. आपलं इंदूरचं एसजीएसआयटीएस कॉलेज मिळालं तरी मी मेकॅनिकलला हरकत घेणार नाही, फक्त पायथन आणि संख्याशास्त्र तिनं पहिल्या वर्षापासून स्वतः धरलं पाहिजे. वहिनींचं म्हणणं इथे निम्मं बरोबर आहे : कोडिंगशिवाय या कामात कुणी उभंही करणार नाही. बारावीनंतर लगेच ‘मोटरस्पोर्ट’ची पाटी लावलेलं काहीही घेऊ नका. ते पदवीनंतर, इंग्लंडातल्या क्रॅनफील्ड किंवा ऑक्सफर्ड ब्रुक्ससारख्या विद्यापीठांत, तेव्हाही मन असेल तर आणि कर्जाचा हिशेब बसत असेल तर.

कॉलेजात विद्यार्थ्यांची रेसिंग टीम आहे का, हे नक्की विचारा. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतमध्ये पोरं स्वतः बांधलेली गाडी पळवतात, आणि गुणांचा मोठा वाटा डिझाइन, खर्चाचा हिशेब आणि बिझनेस प्लॅन यांना असतो. बाजा, म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा, तर तुमच्या दारातच, पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी ट्रॅकवर होत आलीय. तिथली शेवटची रेस चार तासांची असते. पुढची स्पर्धा कधी आहे ते कळलं की लेकीला घेऊन जा, आणि गाड्यांपेक्षा पिटमध्ये चाललेली धावपळ दोघं मिळून बघा. तुटलेला एक्सल दुरुस्त करायचा की रेस सोडायची, यावर तुमचं मत तिच्यापेक्षा पक्कं असेल.

नाद की करिअर, हे घरबसल्या तपासता येतं. फॉर्म्युला वनचे नियम करणाऱ्या एफआयए या संस्थेच्या वेबसाइटवर स्पोर्टिंग नियमांचं पुस्तक फुकट मिळतं, ते तिला वाचू द्या. फास्टएफवन नावाची पायथनची लायब्ररीही फुकट आहे, तिच्यातून लॅपच्या वेळा काढता येतात. रेसच्या आदल्या दिवशी तिनं लिहून ठेवावं : कोण कितव्या लॅपला आत येईल आणि का. नंतर तुम्ही फक्त ‘का’ तपासा. अंदाज चुकला तरी कारण पटण्याजोगं असेल तर गाडी रुळावर आहे. दोन-चार महिन्यांत नियम वाचायचा कंटाळा आला आणि नुसती रेस बघायची हौस उरली, तर तोही निकालच. मग वहिनींचं ऐका.

बारावीच्या वर्षात मात्र सगळ्या रेसेस जमणार नाहीत. वर्षाला चोवीसच्या आसपास असतात. युरोपातल्या संध्याकाळी आटपतात, अमेरिकेतल्या रात्र खातात. कुठल्या बघायच्या आणि कुठल्या सोडायच्या, हे टेस्टच्या तारखा समोर ठेवून तिलाच ठरवू द्या, आणि कारणांसकट लिहून मागा.