वासराचं पोट आणि गाभण गाईचा खुराक

प्रश्न : गाय 8 महिन्यांची गाभण आहे, थोडं दूध देते. काढत राहू का?

नको. व्यायच्या 60 दिवस आधीच आटवायला हवी होती. आजच पशुवैद्यकाला विचारून आटवा.

प्रश्न : दरवर्षी वासरं पहिल्याच आठवड्यात हगतात. आटलेल्या गाईला आम्ही फक्त वाळलेली वैरण टाकतो. वासराला कोणतं औषध द्यावं?

औषध वासराचं विचारलंत, पण दुखण्याचं मूळ ‘फक्त वाळलेली वैरण’ या शब्दांत आहे. दूध नाही म्हणून खुराक बंद, हे ऐकून जीव तुटतो. पोटातल्या वासराचं जवळजवळ दोन तृतीयांश वजन शेवटच्या 3 महिन्यांत वाढतं. तांबं, सेलेनियम याच काळात त्याच्या यकृतात साठतं. आतड्याचं अस्तर धड राहायला जीवनसत्त्व ‘अ’ लागतं. ते वारेतून (गर्भाला पोसणाऱ्या अवयवातून) फारच थोडं उतरतं, वासराला मिळतं ते चिकातून. जुन्या वाळक्या वैरणीत ते जवळपास नसतंच, मग चिकात कुठून येणार? रोगाशी लढणारी प्रतिपिंडंही वारेतून येत नाहीत, तीसुद्धा चिकातूनच. म्हणून हिरवी वैरण, प्रथिनं आणि खनिज मिश्रण आटल्यावरही चालू ठेवा. प्रमाण मात्र पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या, कारण शेवटच्या आठवड्यांत कॅल्शियम जास्त झालं तर व्यायल्यावर ‘दुधाचा ताप’ येतो (नाव ताप, पण यात रक्तातलं कॅल्शियम घटून गाय बसते). हगवणीविरुद्धची लस गाभण गाईला टोचता येते, तेही विचारा.

आणि चीक 2 तासांच्या आत पाजा. 6 तासांनंतर आतड्याची प्रतिपिंडं शोषण्याची ताकद घटत जाते, 24 तासांत संपते. दुसऱ्या दिवशी पाजलेल्या चिकाने ती भरपाई होत नाही.

प्रश्न : ‘गर्भातच वासराचं पोट मजबूत’ असं लिहिलेली जिवाणूंची पावडर घ्यावी का?

डब्यावर कोणते जिवाणू, किती, कधीपर्यंत जिवंत, हे छापलंय का? नसेल तर घेऊ नका. असलं, तरी उपाशी गाईला पावडर पुरत नाही.

प्रश्न : खुराक कमी केला की वासरू लहान राहतं आणि गाय सहज विते, हे खरं का?

ऐकीव गोष्ट. अशक्त गाय वेणा देताना थकते आणि वासरूही दुबळं निपजतं. अडते ती फार चरबी चढलेली गायसुद्धा. आटवतानाच तिची अंगकाठी पशुवैद्यकाला दाखवा.

प्रश्न : वासरू कालपासून पातळ हगतंय. 2 दिवस वाट पाहू?

अजिबात नाही. मीठ-ग्लुकोजचं पाणी लगेच सुरू करा (साधी साखर लहान वासराला पचत नाही), दूध तोडू नका. डोळे खोल गेले असतील किंवा चोखणं थांबलं असेल, तर याच क्षणी डॉक्टरांना बोलवा.