खाणीच्या ओबी ढिगाऱ्यावर कुठली झाडं जगतात?

तुमचा प्रश्न असा की वणीकडे गावाला लागून कोळसा खाणीचा जुना ओबीचा (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशाच्या वरचा उपसून टाकलेला माती-दगड) ढीग आहे, पंचायतीला 1000 रोपं मिळणार आहेत, तर कुठली लावली तर जगतील. भाऊ, सरळ सांगतो, यावर्षी एकही लावू नका. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

मी 4 वर्षं एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो, काम हेच, ढिगाऱ्यांवर प्लांटेशन. पहिल्या वर्षी जुलैत रोपं लावली, साहेब लोक आले, फोटो झाले, बोर्ड लागला. पुढच्या जूनमध्ये मोजायला गेलो तर बोर्ड तेवढा उभा होता. मेलेली रोपं उपटून पाहिली तर मुळं अजून पिशवीच्याच आकारात गोल गुंडाळलेली, वर्षभरात एक तंतू बाहेर गेला नव्हता.

कारण ती मातीच नसते. खाण उघडताना वरची काळी माती सगळ्यात आधी निघते, ती वेगळी ठेवली नाही तर ढिगाऱ्याच्या तळाशी जाते, आणि खालचा दगड, काळा शेल (थराथराचा ठिसूळ दगड) शेवटी निघतो तो माथ्यावर येतो, म्हणजे जमीन उलटी करून ठेवल्यासारखं. त्यावरून 100 टनी डंपर फिरून फिरून ते असं दाबलं जातं की सब्बल मारली की टण्ण वाजते. आम्ही तिथे दीड फुटाचे खड्डे केले, वाटलं झालं काम. पण तो खड्डा म्हणजे टाकं झालं, ऑगस्टमध्ये पाणी झिरपेना म्हणून मुळं सडली, जी वाचली ती मार्च लागल्यावर त्याच खड्ड्यात तहानेनं गेली. वरून आपल्याकडचा 46-47 चा मे महिना, काळा शेल तव्यासारखा तापतो, रोपाचं खोड जमिनीलगतच भाजतं. वर पाणी घालत राहिलो तरी काय होणार?

आणि जे डोळ्याला दिसत नाही ते वेगळंच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं कोळसा खाणीच्या 10 हेक्टर ढिगाऱ्यावर प्रयोग केला होता, त्यात आढळलं की रायझोबियम, अझोटोबॅक्टर हे हवेतला नत्र धरणारे जिवाणू, मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी, हे त्या ओबीत जवळपास नव्हतंच. मग त्यांनी हेक्टरी 50 टन सांडपाणी प्रकल्पाचा गाळ मिसळला, जिवाणू खतं दिली आणि मग झाडं लावली. सावनेर तालुक्यात गुमगावच्या मँगनीज खाणीवर त्यांनी याच पद्धतीनं साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरलेला चोथ्यासारखा गाळ) वापरलं होतं. तुम्हाला हेक्टरी 50 टन कुठून मिळणार, मान्य आहे, पण खड्ड्याखड्ड्यात शेणखत, तलावाचा गाळ आणि जवळच्या जंगलातली किंवा जुन्या करंजाखालची दोन-चार मुठी माती टाकली तरी फरक पडतो, त्या मातीतून बुरशी आपोआप येते, फुकट.

तर यावर्षी काय करायचं. आधी पाणी. पाऊस उतारावरून धावत सुटला की घळ्या पडतात आणि सगळा गाळ खालच्या शेतात, तुमच्याकडे पऱ्हाटीत येतच असेल. उताराला आडव्या समतल चऱ्या खणा, पायथ्याशी दगडी बांध घाला. एकदम खड्या उतारावर माणसं चढवू नका, सुटा ढिगारा कधी घसरेल नेम नसतो, माथा आणि पायऱ्या तेवढ्या घ्या. मग गवत. पवना, मारवेल, दीनानाथ, बरोबर स्टायलो (हा शेंगवर्गातला चारा), जे बी मिळेल ते, शेणमातीत कालवून जूनच्या पहिल्या पाण्यावर फेका. गवताची मुळं बारीक असतात पण तीच दगड धरून ठेवतात, आणि वाळून कुजली की पहिल्यांदा तिथं माती नावाची गोष्ट तयार होते. लोकांना गवत म्हणजे काम वाटतच नाही, फोटोत दिसत नाही ना. पण सुप्रीम कोर्टानंसुद्धा जानेवारी 2020 मध्ये खाणपट्ट्यांसाठी अटच घालायला सांगितली होती, की खाण संपल्यावर जमिनीवर गवत आणून ती चाऱ्यालायक करून द्यायची.

झाडं दुसऱ्या पावसाळ्यात. करंज, शिसू, काळा शिरीष, खैर, ही शेंगवर्गातली आधी लावा, नत्र स्वतःच बनवतात. बरोबर सीताफळ, बोर, कडुनिंब. करंज आणि सीताफळाला बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत, हा तर मोठाच फायदा. सुबाभूळ लवकर वाढते म्हणून कोणीतरी सुचवेलच, पण ती एकदा पसरली की दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही. सहा महिन्यांनी शिरीषाचं एखादं रोप मुळासकट हळूच काढा, मुळावर बारीक गाठी दिसतील, नखानं फोडून बघा. आतून गुलाबी निघाली तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर रायझोबियमचं पाकीट आणून गुळाच्या पाण्यात कालवून पुन्हा द्या.

अजून एक, हे कोणी लिहीत नाही. आपल्याकडे चंद्रपूर, घुग्गुस पट्ट्यात जुन्या ढिगाऱ्यांवर विलायती बाभूळ माजली आणि तिच्यात वाघ राहायला लागले, हे तुम्हालाही माहीत असेल. त्यामुळे गावाकडच्या बाजूला दाट झुडूप होऊ देऊ नका, तिकडे गवत आणि मोकळी मोकळी झाडं ठेवा.

आणि ढीग अजून कंपनीच्याच ताब्यात असणार, तर ग्रामसभेचा ठराव करून त्यांची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर दोन वर्षांनी परत त्यावरच डंपर चढेल. आमचा एक पट्टा असाच गेला.

मिळालेली 1000 रोपं परत करू नका, मोठ्या पिशव्यांत बदलून कोणाच्या तरी विहिरीजवळ सावलीत ठेवा. पुढच्या जूनपर्यंत कमरेएवढी होतील.