डिसेंबरअखेर कोल्हापूरहून स्वतःच्या डिझेल अर्टिगानं मनालीला जातोय. घाटात चालवायची सवय आहे. बर्फात काय वेगळं करावं लागेल?

करूळ, आंबा, आंबोली असे घाट तुमच्या हातात बसलेत, हे चांगलंच. वळणं आणि धुकं यांची भीती वाटणार नाही. पण त्या घाटांत आपण ज्या ब्रेकच्या भरवशावर असतो, तो तिथं निम्म्या वेळा कामाचा नसतो.

मी थंडीत तिकडं गाडी चालवली आहे. नवख्याला पांढऱ्या बर्फाची धास्ती असते, पण ताज्या भुसभुशीत बर्फात चाकाला थोडी तरी पकड मिळते. घात करतं ते दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेलं पाणी. त्या पातळ थरातून खालचं डांबर काळंच दिसतं, रस्ता नुसता ओला वाटतो. पूल आणि ऊन न लागणारी वळणं इथं तो हमखास असतो. म्हणून पहाटे निघायची आपली सवय तिथं सोडा. चांगलं ऊन वर आल्यावर निघा.

गळीत हंगामात ट्रॅक्टरनं शेतातला चिखल डांबरावर आणला की मुरलेला मोटारसायकलवाला ब्रेकला हात न लावता गाडी अलगद काढतो ना, तसंच चालवायचं. वेग वळणाच्या आधीच कमी करा, वळणात नाही. उताराला सुरुवातीपासून पहिला किंवा दुसरा गिअर. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा, कारण गोठलेल्या रस्त्यावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकतं. गाडीचं मागचं अंग डावीकडं सरकलं तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचला आणि स्टेअरिंगही हलकेच डावीकडं द्या. एबीएसचा, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारा ब्रेक पायाखाली थरथरला तर घाबरून सोडू नका.

बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांना गुंडाळायच्या साखळ्या मनालीतच घ्या आणि एकदा कोरड्यात लावून बघा. अर्टिगाची ताकद पुढच्या चाकांना, म्हणून साखळ्याही पुढंच. मागं लावून चढाला अडकलेले लोक बघितलेत. वेग चाळीसच्या आत, आणि डांबर लागलं की काढायच्या. मनालीच्या पुढं लाहौल खोऱ्यात जाणारा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. आत रस्ता कोरडा मिळतो आणि लाहौलच्या तोंडाला एकदम बर्फ, तेव्हा बाहेर पडण्याआधीच वेग उतरवा. बर्फ पडला की पोलीस पुढं फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद असलेल्या) आणि साखळीवाल्या गाड्याच सोडतात. माझं विचाराल तर त्या दिवशी गाडी हॉटेलवर ठेवून तिथल्याच ड्रायव्हरची जीप करा. त्यात कसला आलाय कमीपणा!

निघण्याआधी कूलंट तपासून घ्या. आपल्याकडं उन्हाळ्यात बिनधास्त साधं पाणी ओततात. ते गोठलं की फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. वायपरच्या टाकीतही साधं पाणी नको. डिझेलची टाकी मनालीतच भरा, कारण कडक थंडीत खालून भरून नेलेल्या साध्या डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो.

रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी टाकाल तर काच जाईल. आणि बर्फात अडकून हीटर लावून बसायची वेळ आलीच, तर आधी उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. नळी तुंबली की धूर आत येतो आणि त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो.