कॅलिफोर्नियातल्या काउंटीचा जमीन-वापर आणि वणव्याचा धोका एकाच नकाशावर कसा आणायचा?

आधी काउंटीच्या जनरल प्लॅनमधला (दीर्घकालीन विकास आराखड्यातला) लँड यूज लेयर, म्हणजे जमीन-वापराचा डिजिटल थर घ्या, झोनिंगचा नको. झोनिंग म्हणजे आजचे नियम. प्लॅन पुढे कुठे काय वसवायचं ते सांगतो.

धोक्यासाठी कॅल फायरचे (राज्याच्या वन आणि अग्निशमन खात्याचे) झोन वापरा: मध्यम, उच्च, अति उच्च. बहुतेकांची गल्लत इथेच होते. राज्याच्या जबाबदारीतल्या भागाचा नकाशा (2024 पासून लागू) वेगळा आणि शहरांसारख्या स्थानिक जबाबदारीतल्या भागाचा (2025) वेगळा. फक्त राज्याचा उचललात तर शहरं कोरी दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, तिथे धोकाच नाही!

धोक्याचे दोन्ही नकाशे एकत्र करा. मग जमीन-वापर आणि धोका हे दोन लेयर ईपीएसजी 3310 या प्रोजेक्शनमध्ये (कॅलिफोर्नियासाठीची, क्षेत्रफळ बरोबर राखणारी नकाशा-पद्धत) आणून क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये 'इंटरसेक्शन' चालवा; ते दोन लेयर जिथे एकमेकांवर येतात तिथे तुकडे कापतं. क्षेत्रफळ त्यानंतरच काढा. जुना एकरांचा कॉलम तसाच पुढे येतो, आणि कापलेल्या छोट्या तुकड्यालाही अख्ख्या पट्ट्याचे एकर चिकटतात. बेरीज फुगते ती यामुळेच.

रंग मात्र जपून. जमीन-वापर फिक्या रंगात, धोका वरून तिरप्या रेघांनी; दोन्ही गडद भरलेत तर काही वाचता येत नाही. आणि तळटीप हवीच: हे झोन धोका दाखवतात, नुकसान नव्हे; घराचं अग्निरोधक छप्पर किंवा भोवतीचं कापलेलं गवत त्यात धरलेलं नसतं.