पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे या एकच का? एकाच नावाची प्रसिद्ध माणसं वेगळी ओळखायची कशी?

नाही, एकच नव्हेत. दोघी वेगळ्या, आणि गंमत म्हणजे एकमेकींना चांगलं ओळखणाऱ्या. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, तेव्हा तिथल्या सभांना जाणाऱ्या बायकांमध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाईही होत्या. म्हणजे एकाच खोलीत दोन रमाबाई बसलेल्या, आणि तिथल्या एकाही बाईचा गोंधळ झाला नसणार. एक बोलायला उभी राहिलेली, दुसरी ऐकायला आलेली. गोंधळ आपला होतो, सव्वाशेहून जास्त वर्षांनी, पुस्तकात नुसतं ‘रमाबाई’ छापलेलं वाचताना.

पुस्तकाच्या शेवटी व्यक्तिसूची असते ना, नाव आणि पुढे पानांचे आकडे, ती करण्याचं काम मी बरीच वर्षं करते. त्यामुळे एका नावाची दोन माणसं हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे अशी आणखी कोण आणि फरक कसा करतात, तो माझ्या चुकीपासूनच सांगते.

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणांवरचं एक हस्तलिखित होतं. त्यात ‘विष्णुशास्त्री’ हे नाव ठिकठिकाणी यायचं. मी एक नोंद केली, ‘विष्णुशास्त्री चिपळूणकर’, आणि सगळी पानं तिच्यापुढे लावून मोकळी झाले. प्रुफं आली तेव्हा लेखकाने समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: हे गृहस्थ विधवाविवाह लावतही होते आणि सुधारकांना झोडतही होते काय?

चूक माझी होती. विष्णुशास्त्री दोन. एक विष्णुशास्त्री पंडित (1827–1876), ज्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांचं विधवाविवाहावरचं पुस्तक मराठीत आणलं, त्या चळवळीचा भार वाहिला आणि स्वतः विधवेशी लग्न केलं. दुसरे विष्णुशास्त्री चिपळूणकर (1850–1882), निबंधमालाकार, ज्यांनी 1874 पासून सुधारक मंडळींवर लेखणी परजली. दोघं एकाच काळातले, दोघं शास्त्री, आणि वादाच्या दोन टोकांना. त्यातून चिपळूणकरांचं नाव इतकं मोठं की नुसतं ‘विष्णुशास्त्री’ म्हटलं की हात आपोआप त्यांच्याकडे जातो. माझाही गेला. एका नावाच्या दोघांत जो जास्त प्रसिद्ध, तो दुसऱ्याची पानं खातो. बहुतेक सगळ्या गोंधळाचं मूळ हेच आहे.

आता रमाबाईंकडे परत. पंडिता रमाबाई 1858 च्या. माहेरच्या डोंगरे. आईवडील दुष्काळात गेले, त्या भावाबरोबर पायी हिंडत कलकत्त्याला पोचल्या आणि 1878 मध्ये तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. लग्नानंतरचं आडनाव मेधावी. डोंगरे, मेधावी, सरस्वती, यातलं काहीच लोकांच्या तोंडी बसलं नाही, ‘पंडिता’ मात्र बसलं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, आणि पुढचं मोठं काम केडगावच्या मुक्ती सदनातलं. रमाबाई रानडे यांचं काम पुण्याच्या सेवासदनाचं, 1909 पासूनचं, आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तकही त्यांचंच. आता ‘शारदा सदन’ आणि ‘सेवासदन’ ही नावंसुद्धा एकमेकांच्या किती जवळची! परीक्षेत इथेच पाय घसरतो. तेव्हा खूण अशी: परदेश, धर्मांतर, केडगाव आलं की पंडिता. सेवासदन आलं की रानडे. 1882 चं पुणं आलं तर मात्र पूर्ण वाक्य वाचावं लागतं, कारण दोघी तिथेच आहेत.

शिवाय या दोघीच नाहीत. थोरल्या माधवराव पेशव्यांबरोबर 1772 मध्ये थेऊरला सती गेलेल्या त्याही रमाबाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी, 1935 मध्ये गेल्या, त्याही रमाबाई.

यात मला खुपणारी एक गोष्ट आहे. पुरुषांची नोंद आपण आडनावाने करतो: टिळक, रानडे, आगरकर. बायकांची करतो पहिल्या नावाने: रमाबाई, आनंदीबाई. मग बायकांमध्येच गोंधळ जास्त होणार, दुसरं काय? आणि ते पहिलं नाव तरी त्यांचं कुठे असायचं! रानड्यांच्या रमाबाई माहेरी यमुना होत्या. डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्याही माहेरी यमुना. दोन यमुना लग्नात पुसल्या गेल्या आणि त्यांच्या जागी एक रमा आणि एक आनंदी आली. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई मूळच्या गोदूबाई, आणि त्या शिकल्या पंडिता रमाबाईंच्याच शारदा सदनात. डॉक्टर आनंदीबाईंना 1886 मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळाली त्या समारंभालाही पंडिता रमाबाई हजर होत्या. राघोबादादांच्या ‘ध चा मा’वाल्या आनंदीबाई या सगळ्यांच्या शंभर वर्षं आधीच्या. या बायका एकमेकींच्या आयुष्यात अशा गुंतलेल्या आहेत की नुसत्या पहिल्या नावावर विसंबून सूची केली तर वाट लागते.

पुरुषांचं बघा, एक नाव असूनही निभावून जातं. हिंदुस्थानी संगीतात दोन विष्णू एकाच काळात होऊन गेले. दोघांनी शिक्षणसंस्था उभ्या केल्या, दोघांनी स्वरलिपी बनवली, आणि संगीताच्या परीक्षा देणाऱ्यांना आजही दोन्ही पद्धती शिकाव्या लागतात. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) आणि विष्णु दिगंबर पलुसकर (1872–1931). लोकांनी फार सोपी वाटणी केली. एकाला नुसतं आडनाव ठेवलं, ‘भातखंडे’. दुसऱ्याला स्वतःचं आणि वडिलांचं नाव, ‘विष्णु दिगंबर’. गाणाऱ्या माणसासमोर ‘विष्णु दिगंबर’ म्हटलं की पुढे पलुसकर म्हणायची गरजच पडत नाही.

वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत यासाठी उत्तम, पण तीही कधीकधी दगा देते. रत्नागिरीत जन्मलेले, कायदा शिकलेले, इंग्रजांच्या तुरुंगात गेलेले बाळ गंगाधर कोण? टिळक म्हणालात तर बरोबर, पण मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत) बाळासाहेब खेर यांनाही यातला शब्दन् शब्द लागू पडतो. बाळ गंगाधर खेर, जन्म 1888. टिळक 1856 चे. तरी टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, ‘बाळ’ हे घरात हाक मारायचं.

राजघराण्यांत तर आजोबाचं नाव नातवाला, त्यामुळे नावं फिरून फिरून तीच. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. राघोबादादांनी मुलाचं नाव ठेवलं बाजीराव. दुसऱ्या बाजीरावांनी दत्तक घेतलेला मुलगा पुन्हा नानासाहेब, 1857 वाले. आणि नाना फडणवीस, त्यांचंही खरं नाव बाळाजीच, बाळाजी जनार्दन भानू. या सगळ्यांना वेगळं ठेवायला मराठीने छोटे छोटे शब्द वापरले. थोरले माधवराव, सवाई माधवराव. थोरले बाजीराव, दुसरे बाजीराव. मला ‘सवाई’ फार आवडतो. नाव तेच, पण वर पाव जास्त!

शाहू महाराजांच्या बाबतीत मात्र हे छोटे शब्द गळून पडतात आणि मग धमाल होते. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देणारे शाहू महाराज साताऱ्याचे. 1902 मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे शाहू महाराज कोल्हापूरचे. मध्ये 189 वर्षं! तरी मी एका हस्तलिखितात दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात, एकाच ‘शाहू महाराजांच्या’ नावावर वाचल्या आहेत. कोल्हापूरची गादी ही तर साताऱ्याच्या शाहूंच्या विरोधात उभी राहिलेली शाखा. आणि राजर्षी जन्माने शाहू नव्हतेच, ते कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. 1884 मध्ये दत्तक आले तेव्हा त्यांचं नाव शाहू झालं. म्हणून म्हणते, ‘राजर्षी’ हा शब्द आदराचा आहेच, पण सूची करणारीसाठी तो अत्यंत कामाचाही आहे. तो गाळू नये.

आपल्याकडेच असं होतं असं नाही. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण विन्स्टन चर्चिल यांचं आहे. 1899 मध्ये तुम्ही कुणाला ‘विन्स्टन चर्चिल’ म्हणाला असतात तर त्याला अमेरिकन कादंबरीकार आठवला असता. त्याची ‘रिचर्ड कार्व्हेल’ त्या वर्षी तुफान खपत होती. इंग्लंडमधल्या पंचविशीच्या चर्चिलला तोवर मोठं नाव नव्हतं, पण त्याचीही कादंबरी मासिकात येऊ लागली होती, आणि लोक त्याचं कौतुक करायला लागले ते दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल. त्याने सरळ अमेरिकन चर्चिलला पत्र लिहिलं. पत्राचा सूर असा, की श्री. विन्स्टन चर्चिल हे श्री. विन्स्टन चर्चिल यांना नमस्कार कळवतात. पुढे प्रस्ताव: आपल्या लेखनावर मी ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ अशी सही करीन. अमेरिकनाने तितक्याच अदबीने उत्तर दिलं, की मला मधलं नाव असतं तर मीही ते लावलं असतं. पुढच्या वर्षी दोघं बॉस्टनला भेटलेही.

यात उलटं काय झालं बघा. अमेरिकन तीन वर्षांनी मोठा, प्रसिद्ध, म्हणून नाव त्याच्याकडे राहिलं आणि लहान्याने शेपूट लावून घेतलं. पुढे लहाना ब्रिटनचा पंतप्रधान झाला, 1953 मध्ये त्याला साहित्याचं नोबेलसुद्धा मिळालं, आणि ज्याच्यासाठी त्याने ती सही बदलली तो 1947 मध्ये जवळजवळ विस्मरणात वारला. पण सही तीच राहिली. त्याच्या पुस्तकांवर ‘विन्स्टन एस. चर्चिल’ दिसतं, तो ‘एस.’ या समझोत्याचा.

दोघं जिवंत असले की असं पत्र लिहून मिटवता येतं. नामदेवांच्या बाबतीत ती सोय नव्हती. संत नामदेव 1270 ते 1350. त्यांच्यानंतर दोनेकशे वर्षांनी, सोळाव्या शतकात, विष्णुदास नामा नावाचे कवी झाले, ज्यांनी ओवीत महाभारत रचलं. त्यांनीही अभंग लिहिले. शेवटच्या चरणात दोघांची छाप ‘नामा म्हणे’. अभंग राहिले गाणाऱ्यांच्या तोंडात आणि वह्यांमध्ये, आणि गाणाऱ्याला कुठला नामा याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. विठ्ठलाचं आहे, गोड आहे, गायचं. पुढे गाथा छापायची वेळ आली तेव्हा दोघांचे अभंग एकमेकांत मिसळलेले होते. बरं, ‘विष्णुदास नामा’ असं लिहिलंय ते सगळं दुसऱ्याचं म्हणावं, तर तेही नाही. विष्णुदास म्हणजे विष्णूचा दास, असं संत नामदेवही स्वतःला म्हणू शकतात! मग अभ्यासकांना भाषा बघावी लागते: शब्दाचं हे रूप चौदाव्या शतकात होतं का, अभंगात पुढच्या काळातल्या कुणाचा उल्लेख आहे का. एकेका अभंगावर वाद. चर्चिलसारखं एक अक्षर मध्ये असतं तर केवढे कष्ट वाचले असते.

हल्ली यावर बरेच व्यवहारी उपाय निघालेत. ग्रंथालयं नावापुढे जन्मवर्ष लावतात. अमेरिकेत नटांच्या संघटनेत आधीच नोंदलेलं नाव दुसऱ्याला घेता येत नाही, म्हणून मायकेल डग्लस या नावाने जन्मलेला एक नट ‘मायकेल कीटन’ झाला. संशोधकांसाठी 2012 पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, नुसतं नाव दिसलं की शेजारचं साल, गाव आणि संस्था बघा. तीनपैकी दोन जुळेपर्यंत माणूस ठरवू नका. मी हेच करते. एक जोडी मात्र मला अजून छळते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांचे भाऊ वैजनाथ काशिनाथ राजवाडे. मराठीत ‘वि. का.’ आणि ‘वै. का.’, वेलांटी आणि दोन मात्रा एवढाच फरक, तोही डोळ्यांत तेल घालून पाहिला तर दिसतो. इंग्रजी यादीत दोघंही ‘व्ही. के. राजवाडे’. साल जवळपास तेच, वडील तेच, विद्वान दोघंही. तिथे मी पुस्तकाचं नाव बघते: ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ असेल तर विश्वनाथांच्या ओळीत, निरुक्त (वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणारा जुना ग्रंथ) असेल तर वैजनाथांच्या.